उचला, पण हळूहळू

आपल्या घरांत आजारातून उठलेल्या बाईवरचं प्रेम बहुतेक वेळा एकाच वाक्यात सांगितलं जातं: 'तू काही उचलू नकोस.' बाळंतपणानंतर चाळीस दिवस हे ऐकायला बरं वाटतं. पण स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईला हेच वाक्य जन्मभर ऐकावं लागतं. त्यातून छातीत इम्प्लांट बसवलेलं असेल तर बघायलाच नको. कुणी म्हणतं सरकेल, कुणी म्हणतं फुटेल. तांदळाचा डबा काढायला हात वर गेला की स्वयंपाकघरातून, दिवाणखान्यातून, शेजारच्या गच्चीवरूनही आवाज येतो, 'अरे, नक्को!'

मी चार वर्षं हे ऐकते आहे. आज माझ्याकडे रबरी पट्टा आहे, दोन-दोन किलोच्या डंबेल्सची जोडी आहे, आणि आठवड्यातले दोन दिवस मी व्यायाम करते, छातीचासुद्धा. हे कसं झालं ते लिहावंसं वाटलं, कारण या विषयावर आपल्या घरांत कुणी बोलत नाही. स्तन हा शब्दच आपण खाली मान घालून उच्चारतो. मग त्याच्या आजाराबद्दल, ऑपरेशनबद्दल, आणि ऑपरेशननंतरच्या ताकदीबद्दल विचारायचं कुणाला?

मी त्रेचाळीस वर्षांची असताना डाव्या बाजूला गाठ सापडली. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आमच्या घरात आजही ज्याला औरंगाबाद म्हणतात तिथे, आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जालना, बीड, परभणीहून बायका तिथे येतात. माझी पहिली तपासणी शहरातच झाली. पुढे मुंबईत माझे दीर राहतात म्हणून ऑपरेशन तिकडे झालं. पूर्ण स्तन काढावा लागला, काखेतल्या काही लसिका ग्रंथीही काढल्या. त्याच वेळी छातीच्या स्नायूखाली एक रिकामी पिशवी ठेवली. आठवड्या-आठवड्याने तिच्यात सलाईन भरून जागा तयार केली आणि काही महिन्यांनी ती काढून कायमचं सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं.

इम्प्लांट घ्यावं की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. माझ्या आईसमान मोठ्या नणंदेने, आपांनी, काळजीने विचारलं होतं, 'अल्लाहने दिलेल्या शरीरात असा बदल करणं जायज आहे का?' प्रश्न योग्य होता, म्हणून मुलांच्या अब्बांनी ओळखीच्या आलिमांना विचारलं. त्यांनी हजरत अरफजा (रजि.) यांची हकीकत सांगितली. लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या हदीससंग्रहांत ही घटना आहे. पुरुषाला एरवी सोनं मना, तरीही ही सवलत दिली गेली. आलिम म्हणाले, आजाराने किंवा इजेने गेलेलं परत बसवणं ही दुरुस्ती आहे; हौसेखातर केलेला बदल ही वेगळी गोष्ट. आपांचं समाधान झालं. माझा निर्णय आधीच झालेला होता, पण त्या खुल्या मनाने पाठीशी उभ्या राहिल्या याचं मला मोल वाटलं.

इथे एक सांगून ठेवते. इम्प्लांट महाग असतं आणि ते सगळ्यांना घेता येत नाही. अनेक बहिणी ते घेत नाहीत आणि छान जगतात. पुढे खांद्याबद्दल आणि हाताबद्दल जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्यांच्याही कामाचं आहे.

ऑपरेशननंतर नळ्या निघाल्या, टाके सुकले आणि लक्षात आलं की डावा हात माझा राहिलेला नाही. नमाजच्या सुरुवातीला तकबीर म्हणताना आम्ही बायका हात खांद्यापर्यंत उचलतो. उजवा हात जायचा, डावा छातीच्या खालीच अडायचा. काखेत कुणीतरी दोऱ्या ताणून बांधल्यासारखं वाटायचं. हात बांधायचे तर छातीवर, आणि तिथली कातडी बधीर. आपलाच हात आपल्याला लागतो आहे हे डोळ्यांनी बघूनच कळायचं. सजद्यातून उठताना हातावर भार देता येत नव्हता, म्हणून बरेच दिवस खुर्चीवर बसून, इशाऱ्याने नमाज अदा केली. दीनमध्ये ही सवलत आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण सवलत घेताना मनात एक विचार यायचा की ही काही दिवसांसाठी आहे की कायमची?

याचं उत्तर मला एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी दिलं. त्यांनी कागदावर छातीचं चित्र काढलं. छातीच्या मधल्या हाडापासून आणि गळ्याजवळच्या हाडापासून निघून दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो तो छातीचा मोठा स्नायू. दार ढकलणं, कणीक तिंबणं, जमिनीवर हात टेकून उठणं, मूल छातीशी धरणं, ही सगळी त्याची कामं. इम्प्लांट दोन प्रकारे बसवतात: काहींचं या स्नायूच्या वर, कातडीखाली; काहींचं या स्नायूच्या खाली. माझं खाली आहे. त्यामुळे मी हाताने जोर लावला की स्नायू आवळतो आणि त्याखालचं इम्प्लांट दाबलं जाऊन जरा वर-बाजूला सरकतं, आकार क्षणभर बदलतो. जोर सोडला की पुन्हा जागेवर.

हे मला आधी माहीत झालं ते फार बरं झालं. कारण पुढे एकदा आरशासमोर भिंत ढकलताना ते सरकलेलं दिसलं तेव्हा धडधड झाली, पण कारण ठाऊक होतं. ज्यांना कुणी सांगितलेलं नसतं त्या बायका घाबरतात आणि हात हलवणंच सोडतात. सर्जनना विचारलं तेव्हा ते म्हणाले, जखम आतून पूर्ण भरल्यावर बेताच्या व्यायामाने इम्प्लांट फुटत नाही. पण स्नायूखाली इम्प्लांट असताना छातीवर फार जड वजन ढकलण्याचा हट्ट धरू नका. ती हालचाल वाढते, दुखू शकतं. आणि ज्यांचं इम्प्लांट स्नायूच्या वर आहे त्यांना ही सरकण्याची तक्रार सहसा फार कमी असते. म्हणून पहिला प्रश्न सर्जनला हाच विचारायचा: 'माझं इम्प्लांट स्नायूच्या वर आहे की खाली?' हे उत्तर आपल्या फाइलमध्ये लिहून घ्यायचं. पाठीचा स्नायू पुढे आणून स्तन बनवला असेल तर तेही लिहून घ्यायचं, कारण मग पाठीच्या ताकदीचाही हिशेब बदलतो.

आता घरातली गोष्ट. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही. पैठणचं जायकवाडी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि येतं तेव्हा वेळ-काळ बघून येत नाही. आम्ही जुन्या वस्तीत, वरच्या मजल्यावर राहतो. नळ आला की ड्रम, टाक्या, बादल्या, सगळं भरायचं. हे काम मी वर्षानुवर्षं केलं. मी 'काही उचलू नकोस'मध्ये गेल्यावर ते काम कुणाकडे गेलं? मुलांचे अब्बा दुकानावर, मुलगा लहान. ते गेलं माझ्या मुलीकडे. ती तेव्हा दहावीला होती. रात्री दोनला उठून ती पाणी भरायची, सकाळी शाळेत पेंगायची. एकदा गणिताच्या चाचणीचा पेपर अर्धा सोडून आली. कुणी तिला काम सांगितलं नव्हतं, ती आपणहून उठायची, मला हाक न मारता.

मला जपण्याची किंमत माझी मुलगी देत होती. आई कायमची अशक्त ठरली की घरातली पुढची बाई, बहुतेक वेळा शाळेत जाणारी मुलगी, ते ओझं उचलते. म्हणून ताकद परत मिळवणं हे माझ्यासाठी दिसण्याचं किंवा हौसेचं काम नव्हतं.

पण भीती खरी होती आणि तिला कारणही होतं. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की हातातला द्रव नीट वाहून जात नाही आणि हाताला सूज येऊ शकते. एकदा आली की ती बरीच चिवट असते. म्हणून अनेक वर्षं जगभरचे डॉक्टरही अशा बायकांना सांगत आले की त्या हाताने जड काही उचलू नका. म्हणजे आपल्या सासवा आणि खाला काही मनाचं बोलत नव्हत्या. त्यांच्या काळच्या डॉक्टरांचंच म्हणणं त्या सांगत होत्या.

मग ते बदललं कसं? कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये १९९६ साली डॉन मॅकेन्झी नावाच्या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी स्तनाचा कॅन्सर झालेल्या चोवीस बायकांना लांब ड्रॅगन बोट वल्हवायला शिकवलं. वल्हवणं म्हणजे खांदा, छाती, पाठ यांचं सलग काम. त्यांच्यात हातसुजीची नवी एकही तक्रार आली नाही. त्यानंतर अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर तपासणी केली. ज्यांच्या हाताला आधीच सूज होती अशा १४१ बायकांचे दोन गट केले. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. सुरुवात अगदी कमी वजनाने, हातावर दाब देणारी बाही घालून, आणि पहिले तीन महिने देखरेखीखाली. २००९ साली निष्कर्ष छापून आले: वजन उचलणाऱ्यांची सूज दुसऱ्या गटापेक्षा वाढली नाही, उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी होते, २९ टक्क्यांच्या जागी १४. पुढच्याच वर्षी, सूज नसलेल्या पण धोका असलेल्या बायकांवरची तपासणीही आली. तिथेही वजनांमुळे सूज वाढल्याचं आढळलं नाही.

ताईंनी मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी विचारलं, 'मग उद्यापासून बादली उचलू?' त्या हसल्या. म्हणाल्या, 'त्या बायकांनीही बादलीपासून सुरुवात केली नव्हती.' आमच्या घरच्या दखनी बोलीत 'हल्लू' असा शब्द आहे. मराठीत आपण हळू म्हणतो. सगळी युक्ती त्या एका शब्दात आहे.

माझा क्रम असा होता. तुमचा क्रम तुमचे डॉक्टर ठरवतील.

पहिल्या दिवसांत फक्त मूठ उघडणं-मिटणं, कोपर वाकवणं, खोल श्वास. नळ्या निघेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं मला सांगितलं होतं. मग भिंतीवर बोटांनी चढणं: भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर न्यायची, जिथे ताण येईल तिथे थांबायचं. माझ्या मुलाने पेन्सिलने खुणा केल्या. तो रोज बघायचा आणि म्हणायचा, 'आज अर्धा इंच.' पहिले सहा आठवडे वजन नाही, ढकलणं नाही, ओढणं नाही. कायमचं इम्प्लांट बसवल्यावर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं, तेव्हा फार कंटाळा आला, हे खरं आहे.

सर्जननी परवानगी दिल्यावर पाठीपासून सुरुवात झाली. मला वाटलं होतं छातीपासून होईल. पण ऑपरेशननंतर आपण छाती जपायला खांदे पुढे झुकवून बसतो, पाठ गोल होते. म्हणून आधी खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो आपल्याकडे ओढायचा, खांद्याची पाती मागे जुळवायची. मग अर्धा लिटर पाण्याची बाटली, मग एक किलोचं मिठाचं पाकीट. वजन वाढवायचं ते तेव्हाच, जेव्हा आधीचं वजन दोन आठवडे काही तक्रार न होता जमलं.

छातीचा पहिला व्यायाम म्हणजे भिंतीला हात टेकून अंग पुढे नेणं आणि परत ढकलणं. पाचदा. नंतर भिंतीऐवजी स्वयंपाकाचा ओटा. ओट्यावर बारा वेळा करायला मला जवळपास आठ महिने लागले. जमिनीवरचे जोर मी काढत नाही, काढायची गरजही नाही. पण सजद्यातून दोन्ही हातांवर भार देऊन उठते. ज्या दिवशी तसं उठले त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त दुवा जरा लांबली.

नमाज हाच पुरेसा व्यायाम आहे असं काहीजण म्हणतात. नमाज इबादत आहे, व्यायाम नव्हे. तिने मला रोज पाच वेळा मोजून दाखवलं की हात कुठवर आला, सांधे हलते ठेवले. पण स्नायूला ताकद यायची तर त्याच्यावर थोडा थोडा वाढता भार यावा लागतो. आपल्या नानी-दादींना तो भार जात्यावर आणि विहिरीच्या दोरावर आपोआप मिळायचा. आता मिक्सर आहे, म्हणून तो मुद्दाम द्यावा लागतो. कॅन्सरनंतरच्या काही गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात. त्यासाठीही असा व्यायाम डॉक्टर सुचवतात.

घरात चांगली घडी बसल्यावर जिमला जायचं ठरवलं. बायकांसाठी दुपारची वेळ राखून ठेवलेल्या, पडदे लावलेल्या आता बऱ्याच जिम आहेत. पहिल्या ठिकाणी मी फॉर्ममध्ये ऑपरेशनचं खरं लिहिलं तर त्यांनी फी परत दिली, 'आम्ही जबाबदारी घेत नाही.' दुसऱ्या ठिकाणी शिकवणाऱ्या मुलीने बाकावर झोपवून थेट पाच-पाच किलोची डंबेल्स हातात द्यायला घेतली, 'आंटी, आज चेस्ट आहे.' मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिला असं काही माहीतच नव्हतं. पण तिने ऐकून घेतलं, मी सर्जनकडून दोन ओळी लिहून आणल्या आणि त्या कागदावरून तिने माझं वेळापत्रक केलं. छातीसाठी बसून रबरी पट्टा पुढे ढकलणं, दोन किलोने हळू हालचाल. झोपून हात पार मागे जमिनीपर्यंत नेणं बंद. जून २०२४ मध्ये अभिनेत्री हिना खानने आपला स्तनाचा कॅन्सर जाहीर केला आणि केमो चालू असताना जिममधले व्हिडिओ टाकले, तेव्हा तीच मुलगी मला म्हणाली, 'आंटी, आता लोकांना समजवायला सोपं जाईल.'

काही गोष्टींवर मात्र डोळा ठेवावाच लागतो. अंगठी किंवा बांगडी अचानक घट्ट वाटली, कुर्त्याची एकच बाही दंडावर आवळू लागली, हात जड वाटला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. हात किंवा छाती लाल, गरम झाली, ताप आला, तर त्याच दिवशी जायचं. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक आवरण तयार करतं. ते कधीकधी आवळून कडक होतं, विशेषतः रेडिएशन झालेलं असेल तर. छाती घट्ट, दगडासारखी, आकार बदललेली वाटली तर तो व्यायामाने मोकळा होणारा ताण समजू नये, दाखवावं. आणि बधीर कातडीवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये. भाजलं तरी कळत नाही.

आता पाण्याची बादली. वर्ष झाल्यावर ताईंनी परवानगी दिली: अर्धी बादली, म्हणजे सात-आठ किलो, दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून, एका वेळी एक. आजही मी भरलेली बादली एका हाताने नेत नाही. मुलांचे अब्बा आता नळाच्या रात्री उठतात, मुलगा उठतो, मी उठते, आणि मुलगी झोपलेली असते. ती बारावीला आहे. आपा अजूनही आल्या की माझ्या हातातली बादली बघून तोंडाने 'च्च' करतात, पण मागच्या महिन्यात त्यांनीच गुडघ्यासाठी कोणता पट्टा घ्यावा ते मला विचारलं.

घरातल्या मोठ्यांना आणि पुरुषांना माझी एक विनंती आहे. अशा ऑपरेशनमधून तुमची बीवी, बहू, बहीण उठली की पहिले सहा-आठ आठवडे तिला खरोखर काही उचलू देऊ नका. कणीक तुम्ही मळा, बादल्या तुम्ही भरा. पण त्यानंतर 'नको' म्हणत बसण्याऐवजी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि विचारा: इम्प्लांट स्नायूच्या वर आहे की खाली, काखेतल्या ग्रंथी काढल्या का, वजन कधीपासून, किती, आणि जवळ कोण फिजिओथेरपिस्ट आहे. मग घरी येऊन दिवसातली वीस मिनिटं तिला मोकळी करून द्या आणि एका खोलीचं दार लावून घेऊ द्या.

आणि बहिणींनो, शरीराचा आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. उपास-जागरणांच्या संदर्भात ती आपल्याला आठवते, दुखावलेल्या हाताच्या संदर्भातही आठवावी. ज्यांना डॉक्टरांची परवानगी मिळाली आहे त्यांनी आज भिंतीसमोर उभं राहावं आणि बोटं जिथवर जातात तिथे पेन्सिलने खूण करावी. उद्या ती खूण जरा वर गेली नाही तरी चालेल. परवा जाईल, इन्शाअल्लाह.